खारकोपर : पाच वर्षं शेवटचं राहिलेलं स्टेशन

नवी मुंबईतल्या उरण मार्गाच्या नकाशावर खारकोपर हे मधलं स्टेशन आहे. नेरूळ किंवा बेलापूरहून सुटलेली उरण लोकल पनवेलची खाडी ओलांडते, तरघर आणि बामणडोंगरी करत इथे येते आणि गव्हाणच्या दिशेने पुढे जाते. पण नोव्हेंबर २०१८ ते जानेवारी २०२४ या पाच वर्षं दोन महिन्यांत पुढे जाणारं काही नव्हतं. गाडी इथेच रिकामी व्हायची, मोटरमन या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनपर्यंत फलाटावरून चालत जायचा आणि तीच गाडी परत फिरायची.

स्टेशन छोटं असो वा मोठं, ते टोकाचं आहे की मधलं यावरून त्याचं बरंच काही ठरतं. खारकोपरला टोकाचं स्टेशन म्हणून कुणी बांधलं नव्हतं, ते टोकाचं झालं. त्या काळात गाड्यांचं जे वेळापत्रक बसलं, ते मार्ग पूर्ण झाल्यावरही जवळपास तसंच पुढे नेलं गेलं. या प्रकरणातला माझा मुद्दा एवढाच आहे. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला.

खाडीच्या पलीकडची बाजू

बेलापूरच्या किल्ल्याकडून पाहिलं तर पनवेल खाडीच्या पलीकडे उलवे, म्हणजे खारकोपर ज्या वसाहतीचं स्टेशन आहे ती. आज तिथे इमारतींची रांग दिसते. पूर्वी ही खारजमीन होती. बांध घालून केलेली भातशेती, मिठागरं, खाजणं आणि कडेने खारफुटी. वस्ती आगरी, कोळी आणि कराडी लोकांची. गव्हाण, शेलघर, वहाळ, न्हावे ही गावं खाडीवर आणि शेतीवर जगणारी. तालुक्याचं गाव पनवेल किंवा उरण आणि मुंबईला जायचं तर मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी गाळ उघडा पडतो, त्यामुळे लाँचचं वेळापत्रक घड्याळापेक्षा भरतीवर ठरायचं, आजही बऱ्याच अंशी ठरतं.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली मिळून ९५ गावं अधिसूचित झाली. खाडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे वाशी, नेरूळ, बेलापूरकडे शहर आधी उभं राहिलं आणि रेल्वे त्याच्या मागून आली. मानखुर्द–वाशी लोकल ९ मे १९९२ ला सुरू झाली, पुढच्या वर्षी ती बेलापूरला पोहोचली आणि १९९८ मध्ये पनवेलला. ठाणे–वाशीची प्रवासी सेवा २००४ च्या नोव्हेंबरात आली. खाडीच्या दक्षिणेला मात्र जमीन घेतली गेली, शहर आलं नाही. उरणच्या टोकाला २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्यानंतर रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर वाढत गेले आणि उरण–बेलापूर हा प्रवास कोणत्या ट्रेलरच्या मागे अडकतो त्यावर ठरू लागला. बंदरासाठी मालगाड्यांचे रूळ होतेच. बंदरात कामाला जाणाऱ्या माणसासाठी रूळ नव्हते.

जमिनीचा विषय इथे टाळून पुढे जाता येत नाही. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जे आंदोलन केलं, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व त्या आंदोलनातून आलं. या मार्गाच्या खारकोपरपुढच्या स्टेशनांची गावं तीच आहेत: जासई, धुतूम, नवघर, बोकडवीरा. तिथे रेल्वेची मोजणी करायला आलेल्या माणसाकडे गावकरी फक्त रेल्वेचा माणूस म्हणून पाहणार नव्हते.

मंजुरी ते पहिली लोकल

बेलापूर–सीवूड्स–उरण हा विद्युतीकृत दुहेरी मार्ग रेल्वेच्या कामांत १९९६-९७ सालचा मंजूर प्रकल्प म्हणून नोंदलेला आहे. लांबी २७ किलोमीटर. खर्चाची वाटणी नवी मुंबईतल्या इतर मार्गांसारखीच, ६७ टक्के सिडकोचे आणि ३३ टक्के रेल्वेचे. पहिली प्रवासी गाडी धावली ११ नोव्हेंबर २०१८ ला. मधल्या बावीस वर्षांत उलवे नोडचे सेक्टर आखले गेले, इमारती उभ्या राहिल्या आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' अशा जाहिराती वाचून लोकांनी घरं घेतली. स्टेशन त्या जाहिरातीत होतं, जमिनीवर नव्हतं.

उशिराची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मार्गाचा सुरुवातीचा भाग पाणथळ आहे. खारफुटीतून जाणाऱ्या कोणत्याही सार्वजनिक कामाला मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते. खाडीवर पूल हवा. भरतीच्या चिखलावर भराव टाकला की तो लगेच रूळ पेलत नाही, त्याला बसायला वेळ द्यावा लागतो. तरीही या भागातली बरीचशी जमीन सिडकोच्या ताब्यात होती, म्हणून तो आधी झाला. खारकोपरच्या पुढे जमिनीचं घोंगडं भिजत पडलं. मोबदला, भूखंड, वनजमीन, गावाच्या वाटा अडणं, सगळेच वाद एका पट्टीत एकत्र आले. मग जेवढं तयार आहे तेवढं सुरू करू या, असं ठरलं. या मार्गाचे दोन टप्पे कागदावर दिसतात तसे नीट आखलेले नव्हते, जिथे जमीन अडली तिथे पहिला टप्पा संपला आणि तिथलं स्टेशन खारकोपर.

हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. सगळा मार्ग पूर्ण होईपर्यंत थांबलं असतं तर उलव्याला आणखी पाच वर्षं लोकल मिळाली नसती. तुटक मार्ग हा मार्ग नसण्यापेक्षा बरा. प्रश्न त्या तुटक मार्गावर आपण काय मोजलं आणि त्यावरून काय ठरवलं याचा आहे.

अर्ध्या मार्गाचं वेळापत्रक

खारकोपरपर्यंतच्या मार्गावर दिवसाला ४० फेऱ्या होत्या. म्हणजे जाणाऱ्या २० आणि येणाऱ्या २०. त्यातल्या निम्म्या नेरूळच्या, निम्म्या बेलापूरच्या. लोकलचा दिवस साधारण सतरा-अठरा तासांचा धरला तर एका दिशेला सरासरी पन्नास मिनिटांनी एक गाडी येते. तुम्हाला खास नेरूळचीच किंवा खास बेलापूरचीच हवी असेल तर जवळपास दीड-पावणेदोन तास.

या आकड्याचा अर्थ समजायला मध्य रेल्वेचा २०२४ मधला हिशेब पाहा. रोजच्या १,८१० उपनगरी फेऱ्या. त्यात मुख्य मार्गावर ८९४, हार्बरवर (सीएसएमटी–पनवेलची बाजू) ६१४, ट्रान्स-हार्बरवर (ठाण्याहून नवी मुंबईत येणारा मार्ग) २६२ आणि उरण मार्गावर ४०. शंभरातल्या दोन-सव्वादोन.

मुंबईकर लोकलचं वेळापत्रक घड्याळ म्हणून वापरतो खरा, पण ८.१२ चुकली तर ८.१६ आहे, हे त्याच्या मनात पक्कं असतं. खारकोपरला तसं नाही. इथे गाडी चुकली तर तो तास गेला. त्यामुळे दिवसाची आखणी गाडीच्या वेळेवर होते. बायका भाजी टाकतात ती गाडीच्या वेळेवर, शाळेतून मुलाला कोण आणणार हेही गाडीवर ठरतं, आणि क्लासवाला मास्तर बॅच सुरू करतो तोही गाडी बघून.

यात सकाळ आणि संध्याकाळ सारख्या नाहीत, ही गोष्ट बाहेरच्याला लवकर कळत नाही. सकाळी तुम्ही घरून गाडीची वेळ बघून निघता. नेरूळला उतरलात की हार्बरची आणि ठाण्याची गाडी थोड्या थोड्या वेळाने आहेच. उरण मार्गाची लोकल दोन मिनिटं उशिरा पोहोचली तरी पुढे फारसं बिघडत नाही. संध्याकाळी सगळं उलटं. सीएसएमटीहून निघालेली पनवेल लोकल कुर्ल्याच्या आसपास किंवा मानखुर्दला चार मिनिटं रखडली आणि तुम्ही नेरूळच्या फलाटावर पोहोचेपर्यंत समोरून उरण गाडीचा शेवटचा डबा दिसला, तर त्या चार मिनिटांची किंमत तासभर. मोठ्या मार्गावरचा किरकोळ उशीर लहान मार्गावर येऊन असा फुगतो. म्हणून या स्टेशनचे बरेच प्रवासी एका बाजूचेच राहिले. सकाळी लोकलने जायचं आणि संध्याकाळी बेलापूरला उतरून बस किंवा शेअर रिक्षा पकडायची. तिकिटांच्या हिशेबात मग दिसतं ते एवढंच, की प्रवासी कमी आहेत.

दोन फाट्यांचीही एक गंमत आहे. वाशीकडून येताना पुढची गाडी नेरूळहून सुटणारी असेल तर नेरूळलाच उतरायला हवं, बेलापूरहून असेल तर बसून राहायला हवं. हा निर्णय जुईनगर यायच्या आत घ्यावा लागतो. नियमित प्रवाशांना हे पाठ असतं. पाहुण्याला फोनवर समजावताना मात्र पंचाईत होते: ''नेरूळला उतर, पण गाडी नसेल तर उतरू नको.'' ठाण्याहून येणाऱ्याची आणखी वेगळी अडचण. त्याची गाडी नेरूळपर्यंतचीच असेल तर बेलापूर फाट्यासाठी त्याला अजून एकदा गाडी बदलावी लागते. घणसोली-रबाळे-ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या उलवेकरांसाठी हा रोजचा रस्ता आहे, आणि त्यांच्यातले कितीतरी जण शेवटी दुचाकीवर गेले. त्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही.

२८ फेब्रुवारी २०२३

त्या मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास बेलापूरहून आलेल्या लोकलचे तीन डबे खारकोपरजवळ रुळांवरून घसरले. कुणाला इजा झाली नाही. पण गर्दीच्या वेळी बेलापूर आणि नेरूळ, दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद पडल्या. दोन्ही फाटे खारकोपरच्या आधीच एकत्र येतात, त्यामुळे खारकोपरच्या तोंडाशी काही झालं की नेरूळच्या प्रवाशालाही वाट उरत नाही. मधल्या स्टेशनवर असं झालं असतं तर मागे-पुढे कुठेतरी गाडी फिरवता आली असती. टोकाचं स्टेशन आणि मागचा मार्ग लहान, म्हणजे अडचण आली की सगळंच बंद. त्या दिवशी लोक रस्त्यावर आले आणि रिक्षावाल्यांनी नेहमीप्रमाणे संधी साधली.

तेच चाळीस

दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या आणि मग उद्घाटनाची वाट पाहणं सुरू झालं. ठाणे–नेरूळ मार्गावरचं दिघा गाव स्टेशनही तेव्हा बांधून तयार उभं होतं. शेवटी दोन्ही १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी सुरू झाली, आणि त्याच दिवशी शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही. एकाच भागाला एकाच दिवशी दोन वाहतुकीच्या सोयी मिळाल्या. मोटारवाल्याने २५० रुपये टोल भरला की तो वीस-पंचवीस मिनिटांत मुंबईत. लोकलच्या प्रवाशाला मिळालं ते खारकोपरच्या पुढचं उरणपर्यंतचं सुमारे १४ किलोमीटरचं अंतर. उरणकरांसाठी ही छोटी गोष्ट नव्हती. ज्या गावाने आयुष्यभर लाँच आणि एसटीवर भागवलं, तिथे स्टेशन आलं होतं. पहिल्या दिवसांत माणसं कुटुंबासकट नुसती फिरायला म्हणून उरण–नेरूळ करून आली.

फेऱ्या मात्र त्याच ४० राहिल्या. खारकोपरला संपणाऱ्या गाड्या उरणपर्यंत वाढवल्या गेल्या.

रेल्वेच्या बाजूनेही इथे बोलायला हवं. खारकोपरपर्यंतची धाव लहान होती, तिथून गाडी लवकर परत यायची. उरणपर्यंत पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेवढ्याच फेऱ्या दुपटीहून लांब मार्गावर करायच्या तर जास्त रेक, म्हणजे डबे जोडून तयार असलेल्या गाड्या, आणि जास्त कर्मचारी लागतात. तेव्हा ४० चा आकडा टिकवणं हेसुद्धा फुकट झालेलं नाही. बारा डब्यांचे रेक मोजके आहेत. इथे एक वाढवायचा तर तो हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवरून काढावा लागेल, आणि तिथे आधीच दारात लटकणारी गर्दी आहे. हे सगळं खरं आहे. फक्त फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला रेकचे तास दिसत नाहीत, त्याला दोन गाड्यांमधलं अंतर दिसतं, आणि ते बदललं नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. अर्ध्या मार्गावर पाच वर्षं जे प्रवासी मोजले गेले, ती मागणी नव्हती. उरण नसताना, गव्हाण आणि तरघर बंद असताना, तासाने एक गाडी असताना जे कोण टिकले, तेवढीच ती संख्या होती. त्या आधारावर पूर्ण मार्गाचं वेळापत्रक बेतणं म्हणजे दुकानाचं अर्धं शटर पाडून गिऱ्हाईक मोजण्यासारखं आहे. उरण जोडलं गेलं त्या दिवशी खारकोपरचा स्वभावच बदलला. ते आता नेरूळ-बेलापूरकडून येणाऱ्यांचं अखेरचं ठिकाण राहिलं नाही, उलवेकरांना बंदराच्या दिशेने नेणारंही स्टेशन झालं. बंदरात, गोदामांत, कंटेनर यार्डांत काम पाळ्यांमध्ये चालतं. सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी परत, ही ठरावीक समजूत इथे अर्धीच लागू पडते. रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाला सकाळी उरणहून उलव्याला यायचं असतं, दुपारपाळीच्या माणसाला भर दुपारी तिकडे जायचं असतं. दुपारच्या रिकाम्या वेळात गाड्या कमी, हा नियम त्याच्या कामाचा नाही.

फलाटाच्या बाहेर

नवी मुंबईतली स्टेशनं मोठी असतात. खारकोपरही प्रशस्त आहे, रुंद फलाट, उंच छप्पर, पुढे मोकळं आवार. मुख्य मार्गावरच्या मुंब्रा किंवा कळव्याच्या प्रवाशाला इथे आणलं तर त्याला लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटेल. या बांधकामाबद्दल माझं मत जरा कडू आहे. रिकाम्या छपराचे चार खांब कमी आणि दोन गाड्या जास्त, असा सौदा कुणी विचारला असता तर उलव्यात एकानेही छप्पर मागितलं नसतं. अर्थात छपराचा पैसा आणि गाड्यांचा पैसा वेगळ्या खात्यांतून येतो, आणि सिडकोसाठी स्टेशनभोवतालची जमीन हीच कमाई असते. त्यामुळे तो सौदा कधी कुणासमोर ठेवला गेला नाही.

सिडकोने बामणडोंगरी आणि खारकोपरच्या स्टेशन परिसरात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी मोठी गृहसंकुलं उभारली. २०२२ च्या दिवाळीत ७,८४९ घरांची योजना जाहीर झाली. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला स्टेशनला लागून घर द्यायचं, ही कल्पना उत्तम आहे. किमतींवरून मग बराच गदारोळ झाला, तो वेगळा विषय. पण अशा घरात राहणाऱ्याला गाडी तासाने एक मिळणार असेल, तर घर स्टेशनजवळ असल्याचा फायदा त्याला अर्धाच मिळतो. लोकलचं किमान भाडं ५ रुपये. स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाला त्याच्या कितीतरी पट द्यावे लागतात. गाव आणखी आत असेल, तर गाडीच्या वेळेशी न जुळणाऱ्या बसची वाट पाहायची किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसायचं.

गव्हाणची एक मासळी विकणारी मावशी या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावते: ''गारी चांगली हाय, पन तिचा येल आनि माझ्या म्हावऱ्याचा येल येक व्हत नाय.'' तिला पहाटे माल उचलायचा असतो. ती टेम्पोने जाते, चार बायकांत भाडं वाटून.

टोकापासून मध्याकडे

डिसेंबर २०२५ मध्ये तरघर आणि गव्हाण ही बांधून ठेवलेली दोन स्टेशनं सुरू झाली आणि मार्गावर १० फेऱ्या वाढल्या. म्हणजे आता ५०. याच सुमाराला, ८ ऑक्टोबरला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. तरघर हे त्याच्या जवळचं स्टेशन. विमानतळासाठी जी दहा गावं उठवली गेली त्यात तरघरही होतं. गावाची माणसं दुसरीकडे गेली आणि नाव फलकावर राहिलं. पुढच्या भागात उलट तक्रार आहे. बोकडवीरा, नवघर आणि धुतूमच्या लोकांचं म्हणणं असं, की जमीन आमच्या गावची आणि स्टेशनवर नाव भलतंच. या मागणीला बाहेरचे लोक हसतात. ज्यांनी जमीन देताना १९८४ पाहिलं आहे त्यांनी हसू नये.

गव्हाण सुरू झाल्याने खारकोपरचा थोडा भार हलका झाला, कारण गव्हाण-शेलघरची माणसं आता आपल्या दारातून चढतात. उरलेल्या कामात इमारतीचं काही नाही, वेळापत्रकाचं आहे. दर अर्ध्या तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी, दिवसभर, दुपार धरून. म्हणजे १०.१० असेल तर १०.४०, ११.१०, ११.४०. अशी वेळ पाठ करावी लागत नाही आणि बसवाल्यांनाही तिच्याशी जुळवून घेता येतं. फाट्यांबाबत माझं मत असं, की संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात सगळ्या गाड्या नेरूळहूनच सोडाव्यात. वाशी, ठाणे आणि मुंबई या तिन्हीकडून येणारा प्रवासी नेरूळलाच एकत्र येतो, त्याला 'उतरू की बसू' हा प्रश्न पडणार नाही. बेलापूरच्या कोकण भवनातले कर्मचारी याला विरोध करतील, आणि त्यांचंही बरोबर आहे, कारण त्यांना मग उलट्या दिशेने नेरूळ किंवा सीवूड्सला यावं लागेल. त्यांच्यासाठी कार्यालयं सुटायच्या वेळेच्या दोन गाड्या बेलापूरहून ठेवता येतील.

आणि रात्री हार्बरच्या गाडीला उशीर झाला, तर नेरूळहून उरणकडे सुटणारी शेवटची गाडी पाच मिनिटं थांबवून धरायची. त्याला नवा रेक लागत नाही, भूसंपादन लागत नाही. नियंत्रण कक्षातून एक फोन लागतो.